गल्लीला गाडी लागली

एका सकाळी मी आमची मोटार चोरीला गेल्याचं जाहीर केलं. जाहीर केलं म्हणजे गॅलरीत उभा राहून ओरडलो. अंगात बनियन, तोंडात टूथपेस्टचा फेस. पहिल्या हाकेला लोकांना वाटलं, मला फीट आली. दुसऱ्या हाकेला शब्द कळले, आणि लातूरची ती आमची गल्ली, जी हल्ली दिवाळीलासुद्धा सगळी एका वेळी बाहेर दिसत नाही, ती धडाधड दारं उघडून बाहेर आली.

माघ संपत आला होता. फाटकासमोरच्या कडुलिंबाचा पाला दिवसरात्र गळत होता. जिथं आमची मोटार उभी असायची तिथं पिवळ्या पाल्याच्या मधोमध एक लांबट चौकोन उरला होता. त्यात कालच्या एका रात्रीचाच काय तो पाला. सगळे त्या चौकोनाभोवती उभे राहिले. आत मात्र कुणी पाय टाकेना. जणू मोटार अजून तिथंच आहे, फक्त दिसत नाही.

शेजारचे काका पुढं झाले. ते एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. गल्लीत काहीही हरवलं, पोर, चप्पल, नळाचं पाणी, की चौकशी त्यांच्याकडं.

"साहेब, शेवटची कधी बघितली?"

"काल संध्याकाळी. मीच तर बसलो होतो तिच्यात."

"बसलात ते कळलं. उतरलात कुठं?"

आयुष्यभर तिकिटं फाडलेल्या माणसाचा प्रश्न. मी तोंडातला फेस गिळला.

तेवढ्यात बायको दारात आली. ती हदगावची. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी तिच्या बोलण्यातलं नांदेड गेलेलं नाही आणि मला ते जायला नको आहे. ती म्हणाली, "अहो, तुम्ही कशाला गल्ली गोळा करून राहिले? काल मेथीची जुडी काखेत धरून आले होते तुम्ही. मोटारीतून उतरलेला माणूस मेथी काखेत धरतो का?"

 गल्ली हसली.

तर झालं होतं असं. भाजीवालीची हातगाडी पूर्वी आमच्या दारापर्यंत यायची. गल्लीच्या दोन्ही अंगांना मोटारी उभ्या राहायला लागल्यापासून ती हातगाडी मधून जाईना. म्हणून भाजीवाली गल्लीच्या तोंडाशी, पिठाच्या गिरणीजवळ थांबायला लागली. भाजी लांब गेली म्हणून आम्ही ती आणायला मोटारीनं जायला लागलो. लांब म्हणजे मोजून दोनशे पावलं. काल मी गिरणीपाशी मोटार लावली, मेथी घेतली, आमच्या कचेरीतला एक जुना सोबती भेटला, त्याच्याशी बोलता बोलता पाय घराकडं वळले. पाय जुने, मोटार नवी. पायांना ती आहे हे अजून ठाऊकच नव्हतं.

मी तोंड धुतलं, शर्ट घातला आणि मोटार आणायला चालत निघालो. "तिकीट घ्या, साहेब," काका मागून म्हणाले.

मोटार गिरणीपाशीच होती, पिठानं पांढरी झालेली. पण मी आत बसेपर्यंत शेजारच्या शिकवणी-क्लासची वेळ भरली होती. पुढं एक जीप तिरकी लावलेली, मागं दुचाक्यांचा खच, डाव्या अंगाला गिरणीची भिंत. क्लास सुटून त्या त्या दुचाकीचा मालक येईपर्यंत हलणं नाही. मी काच खाली केली आणि बसून राहिलो. गिरणीचा पट्टा फटक फटक चालला होता, पीठ उडत होतं, उन्हाच्या तिरपीत ते तरंगत होतं. डोळे उघडे होते, पण मी हळूहळू त्या वर्षात जाऊन पोचलो, ज्या वर्षी आमची गल्ली एक खोली झाली होती.

भूकंपाचं वर्ष. गणपती बुडवून लोक आले, झोपले आणि पहाटे जमीन हलली. लातूर शहरात घरं पडली नाहीत. भिंतींना भेगा पडल्या, एवढंच. औसा-निलंग्याकडच्या गावांची बातमी उजाडता उजाडता आली आणि मग कुणाला छताखाली जाववेना. त्या दिवशी बाजा, सतरंज्या, स्टोव्ह, पिण्याच्या पाण्याच्या घागरी, सगळं गल्लीत आलं आणि दोन महिने आत गेलं नाही.

आमचं लग्न त्याच उन्हाळ्यात झालेलं. नव्या नवरीचा संसार मांडायचा तर तो मी भर रस्त्यात मांडला. बायको अजून सांगते, "लोकं बायकोला महाबळेश्वर दाखवतात, ह्यांनी गल्ली दाखवली."

पण ती गल्ली! दुःखाच्या त्या दिवसांत असं म्हणू नये, तरी म्हणतो: मी पुन्हा तशी सकाळ पाहिली नाही. जाग आली की भोवती भिंत नाही, वर छत नाही, कडुलिंबाच्या फांद्यांतून हळूहळू उजळणारं आभाळ. बाजांची एक लांब ओळ, जशी नदीत नावा बांधून ठेवलेल्या. कुणाचं पोर कुणाच्या गोधडीत. चहा एका टोकाला उकळायचा आणि वास दुसऱ्या टोकापर्यंत झोपलेल्यांना एकेक करून उठवत जायचा. गल्लीत तेव्हा एकच स्कूटर होती. तिचा मालक ती चालू न करता गिरणीपर्यंत ढकलत न्यायचा. माणसं झोपलीत, आवाज कसा करायचा? काकांची ड्यूटी पहिल्या गाडीवर असायची. तिकिटांची पत्र्याची पेटी पोटाशी घट्ट धरून, चिल्लर वाजू नये म्हणून, ते बाजांमधून चवड्यांवर चालत जायचे. उभी गल्ली म्हणजे बिछाना, आणि चाकानं आपलं विचारून यायचं.

एका पहाटे तर काका झोपेतच ओरडले, "नांदेडची गाडी लागली! हदगाव, हदगाव!" माझी बायको ताडकन उठली आणि पिशवी भरायला लागली. माहेर सोडून चारच महिने झाले होते तिला. काका झोपेत होते हे कळल्यावर ती पिशवी मांडीवर घेऊन कितीतरी वेळ तशीच बसून राहिली. मी हसलो. हसायला नको होतं.

गाडी लागणं म्हणजे तेव्हा आम्हाला दोनच गोष्टी ठाऊक. एक, एसटी फलाटावर येऊन उभी राहणं. दुसरी, घाटात पोटात ढवळणं. तिसऱ्या आणि चौथ्या अर्थानं ती आम्हाला पुढं लागली.

अक्का आमच्या गल्लीत आल्या त्या भूकंपाच्या चौथ्या दिवशी. समोरच्या घरातल्या दुकानदाराची ही थोरली बहीण. भाऊ टेम्पो घेऊन तिच्या गावाला गेला आणि परत आला तेव्हा टेम्पोत अक्का होत्या आणि एक बाज होती. बाकी काही नव्हतं. भूकंपाच्या रात्री उकडतंय म्हणून अक्का अंगणात बाज टाकून झोपल्या होत्या. घराचं माळवद, मातीच्या थरांचं ते जड छप्पर, आत झोपलेल्यांवर आलं. आत कोण कोण होतं हे अक्का कधी बोलल्या नाहीत. आम्ही कधी विचारलं नाही. कपाळावर विभूतीच्या तीन पट्ट्या, डोक्यावरून पदर, आणि बसायचं त्याच बाजेवर. भावानं ती बाज कडुलिंबाखाली टाकली.

थंडी पडली तशी गल्ली एकेक करून घरात गेली. आम्हीही गेलो. अक्का गेल्या नाहीत. भावानं समजूत घातली, भावजयीनं पाय धरले. शेवटी तडजोड झाली: रात्री भावाच्या उघड्या ओसरीत, दिवसा कडुलिंबाखाली. त्या म्हणायच्या, "वर आभाळ दिसलं की जीवात जीव ऱ्हातो बाबा. छताच्या सलाबाखाली बसले की कानात माती पडल्यागत होतं." त्यात वीस वर्षं गेली. अक्का कडुलिंबाखाली बसून शेंगा फोडायच्या, डाळ निवडायच्या, येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायच्या, "काय करलालास?" हा लातूरकडचा प्रश्न. उत्तर काही द्यायचं नसतं, थांबायचं असतं. माझ्या मुलीचा पहिला दात पडला तो अक्कांच्या हातात. भाजीवाली हातगाडी तिथं उभी करून पाणी प्यायची. गल्लीला दार नव्हतं, पण ती बाज होती.

मग लातूरला क्लास आले. आधी सायकली आल्या. जळकोटची, धर्माबादची, हदगावची पोरं, एकेका खोलीत चार चार, पाठीला दप्तर आणि तोंडात सूत्रं. सकाळी सहाला त्यांच्या घंट्यांनी गल्ली भरून वाहायची. ते बरं वाटायचं. त्या पोरांना राहायला जागा हवी म्हणून आम्ही सगळ्यांनी घरांवर मजले चढवले. भूकंपानं ज्यांना छताची भीती घातली होती त्याच लोकांनी छतावर छत टाकलं. मी पण टाकलं, दुसऱ्याला कशाला नावं ठेवू? समोरच्या दुकानदाराचं घर तीन मजली झालं आणि ओसरीच्या जागी जिना आला, जिन्याखाली झेरॉक्सचं दुकान आलं. अक्कांना रात्री जिन्याच्या दाराशी, दार उघडं ठेवून झोपायची सवय करून घ्यावी लागली. दिवसाला मात्र कडुलिंब होता.

सायकलींच्या जागी दुचाक्या आल्या. मग पोरांना सोडायला आईबाप मोटारी घेऊन यायला लागले. आणि ज्यांची पोरं क्लासला नव्हती तेही मोटारी घ्यायला लागले, कारण रस्त्यावर इतक्या मोटारी झाल्या होत्या की चालणं धोक्याचं झालं होतं.

मी त्याच कारणानं घेतली. मुलगी नववीतून दहावीत गेली त्या पाडव्याला. क्लास पायी दहा मिनिटांवर. मोटारीनं पंचवीस, कारण सोडून झाल्यावर ती मोटार कुठंतरी ठेवावी लागते. तिसऱ्याच दिवशी मुलगी अर्ध्या वाटेत उतरून म्हणाली, "बाबा, मी होते पुढं. तुम्ही या सावकाश." मी सावकाश गेलो. पोचलो तेव्हा क्लास सुटला होता.

बायकोला ती मोटार पहिल्या दिवसापासून लागली, म्हणजे पोटात. लाल एसटीत मागच्या सीटवर बसून हदगावला जाताना तिला कधी काही झालं नाही. ती जातायेता पेरू खायची. आमच्या मोटारीत वाटेतल्या लोह्याच्या अलीकडंच तिनं लिंबू नाकाशी धरलं. "तुमच्या ह्या डब्यात वारं बी विकत घेतल्यासारखं येतं," म्हणाली. मोटारीच्या दाराला फाटक घासलं तेव्हा मी ओरडलो, "गाडी लागली!" तर ती पिशवी घेऊन धावत आली, तिला वाटलं मला ओकारी होते आहे. आणि चौथा अर्थ म्हणजे पानतंबाखूसारखी लागणं. तो आम्हा सगळ्यांना, उभ्या गल्लीला, लागून गेला होता. ते कुणाला कळलं नाही.

मोटार घेतली त्याच एप्रिलमधली दुपार. ती मी आठवत नसे. मोटार हरवली त्या दिवशी गिरणीच्या पिठात बसलो असताना ती आपणहून आठवली. दार उघडलं तर स्टीअरिंगला हात लावता येईना इतकं तापलेलं. गल्लीत सावली एकच. मी अक्कांच्या बाजेपाशी गेलो आणि म्हणालो, "अक्का, पाच मिनिटं. जरा गार होऊ द्या गाडी." अक्का लगेच उठल्या. वर म्हणाल्या, "घे की बाबा. नवी हाय, ऊन सोसायचं न्हाई तिला." बाज मीच भिंतीला उभी केली, अगदी आदरानं.

दुसऱ्या दिवशी मला मोटार घेऊन येताना पाहून त्या आपणच उठल्या. आठवड्यानं बाज भिंतीलाच उभी राहायला लागली. मग ती जिन्याखाली गेली. अक्का जिन्याच्या खालच्या पायरीवर बसायला लागल्या, एक हात चौकटीला धरून, मान बाहेर काढून. मग मानही आत गेली. मी जातायेता हात करायचो. बायकोला म्हणायचो, "अक्का थकल्या हल्ली, बाहेर येत नाहीत." बायको माझ्याकडं नुसती बघायची. मला वाटायचं, ती माझ्या पिकल्या केसांकडं बघते आहे.

मोटारीच्या टपावर टकटक झाली. क्लासहून येणारी माझी मुलगी.

"बाबा, इथं काय करताय?"

"गाडी आणायला आलोय."

"कुठून?"

"इथूनच."

तिनं जीपकडं पाहिलं, दुचाक्यांकडं पाहिलं, माझ्या पांढऱ्या झालेल्या भुवयांकडं पाहिलं. "मी जाते पुढं. आईला सांगते, सापडली म्हणून." आणि दोन मोटारींच्या फटीतून ती पाण्यासारखी निघून गेली.

मला निघायला आणखी अर्धा तास लागला. गल्लीत वळलो तेव्हा ऊन अंगावर आलं होतं. लांबून कडुलिंबाखाली काहीतरी दिसलं. जवळ गेलो तर बाज. बाजेवर अक्का. पुढ्यात सूप, सुपात हरभरा, डोक्यावरून पदर, आणि पदरावर, मांडीवर, सुपात पिवळा पाला पडतो आहे. मी मोटार आणायला गेलो होतो तेवढ्यात त्यांनी भाच्याकडून जिन्याखालची बाज काढून घेतली होती. दोन वर्षांनी. तोंड वर केलेलं, डोळे मिटलेले, हात आपोआप हरभरा निवडतायत. मी इतक्या हळू आलो होतो की मोटारीचा आवाज त्यांना ऐकू आला नाही. मी ब्रेकवर पाय ठेवून तसाच थांबलो. मला वाटलं, हे बघणारा मी आत कुठंतरी बाजेवरच झोपलेलो आहे, आणि आत्ता जाग येईल तेव्हा वर आभाळ असेल.

जाग आली ती मागच्या हॉर्ननं. कुणीतरी क्लासला पोर सोडून निघालेला माझ्या मागं अडकला होता. अक्कांनी डोळे उघडले. मला पाहिलं, मोटार पाहिली.

"इकली न्हाईस व्हय?" त्या म्हणाल्या. "मला आपलं वाटलं, इकलीस."

एवढं म्हणून त्यांनी सूप बाजूला ठेवलं, गुडघ्यावर हात टेकला आणि उठायला लागल्या. तक्रारीचा एक शब्द नाही. काकाही कंडक्टरच्या सवयीनं पुढं झाले आणि त्यांनी बाजेचं एक टोक धरलं. मी आलो की हे व्हायचंच, जसं गाडी आली की फलाटावरची माणसं मागं सरतात.

"बसा," मी म्हणालो.  "अक्का, बसा. काका, ठेवा ती."

"मग गाडी कुठं लावता?" काका म्हणाले.

हा प्रश्न मी सोडवलेला नव्हता. म्हटलं, "मागं घेतो."

"मागं? गिरणीपर्यंत?"

काकांनी माझ्याकडं बघितलं, मग घरात जाऊन शिट्टी आणली. ती निवृत्तीनंतरही त्यांनी जपून ठेवली होती. मागच्याला त्यांनी हात करून मागं घालवलं आणि मला शिट्टीवर घेतलं. दोनशे पावलं उलटी. दोन्ही अंगांना मोटारी, मधे माझी. डावीकडचा एक आरसा मी मिटवला, म्हणजे तोडला. तो आमचाच होता. खिडक्यांतून क्लासची पोरं बघत होती. "येऊ द्या, येऊ द्या, कट मारा, अहो दुसरीकडं, तुमचा डावा कोणता?" काका ओरडत होते. मी गल्लीतून मागं मागं जात होतो आणि समोर काचेत कडुलिंब, बाज आणि अक्का लहान लहान होत चालल्या होत्या, उठू की बसू अशा अर्धवट उभ्या.

मग मी लातूरभर फिरलो. कचेरीला कळवलं, तब्येत बरी नाही, खोटं नव्हतं. मला एका मोटारीपुरती जागा हवी होती. गंजगोलाईच्या गोल बाजाराला सोळा रस्ते येऊन मिळतात. मी गोल तीन फेऱ्या मारल्या आणि सोळांपैकी एकाही रस्त्यानं मला ये म्हटलं नाही. जिथं आम्ही विटीदांडू खेळलो तिथं मोटारी होत्या, जिथं उसाच्या रसाचं गुऱ्हाळ होतं तिथं मोटारी, शाळेच्या भिंतीला मोटारी, दवाखान्याच्या दाराशी मोटारी, आणि प्रत्येकीच्या जागी पूर्वी कुणीतरी बसलेलं मला आठवत होतं. चांभार. बांगड्यावाली. पेपर वाचणारे चार म्हातारे. सगळे कुठं गेले? उन्हात मोटारींचे टप चमकत होते आणि मला उगाच असं वाटत होतं की एकेका टपाखाली एकेक माणूस हात चौकटीला धरून बसलेला आहे.

शेवटी शहराबाहेर, बाह्यवळण रस्त्याला, काकांच्या पुतण्याच्या सिमेंटच्या गोदामात जागा मिळाली. पुतण्या म्हणाला, "ठेवा की. पण साहेब, इथं येऊन बसायला तुम्हाला रिक्षा करावी लागंल." म्हटलं, करीन. तिथून घरापर्यंत मी चालत आलो. तासभर लागला. वाटेत तीन जणांनी मला ओळखून विचारलं, "गाडी बिघडली का?" चालणाऱ्या माणसाची चौकशी आता त्याच्या मोटारीपासून सुरू होते.

गल्लीत शिरलो. आमच्या जागेसमोर एक पांढरी, उंच, अनोळखी मोटार नाक खुपसून उभी. काच खाली करून आतला माणूस अक्कांना म्हणत होता, अगदी आदरानं, "आजी, पाच मिनिटं. पोरगं क्लासमधून आलं की निघालोच."

ते माझेच शब्द होते. माझाच सूरही होता. दुसऱ्याच्या तोंडून तो किती गोड आणि किती घाण लागतो, ते मला उभ्या उभ्या कळलं. अक्का उठल्या होत्या. सूप हातात घेतलं होतं. मी गल्लीच्या मधे, अजून पंधरा-वीस पावलं लांब, आणि पाय असे भरून आलेले की पळता येईना.

तेवढ्यात आमच्या फाटकातून बायको आली. हात पिठाचे. तिनं त्या माणसाकडं पाहिलंसुद्धा नाही. सरळ जाऊन बाजेच्या मधोमध बसली, अक्कांचा हात धरून त्यांना शेजारी बसवलं आणि सुपातला हरभरा निवडायला लागली.

"ताई, जरा," तो माणूस म्हणाला.

"जागा भरली," बायको म्हणाली. "इथं माणसं लावलेली आहेत."

काका आपल्या पायरीवरून उठले, छाती पुढं काढली आणि फलाटभर ऐकू जाईल अशा त्या जुन्या आवाजात ओरडले, "फुल्ल आहे, फुल्ल! मागच्या गाडीनं या!"

झेरॉक्सच्या दुकानातली पोरं हसली. पांढरी मोटार जरा वेळ गुरगुरली, मग मागं सरकत गेली. जाताना त्या माणसानं हॉर्न दिला. तो उद्या पुन्हा येईल, किंवा दुसरा येईल. ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. काका म्हणाले, "आता बाज मोकळी सोडायची न्हाई. अक्का जेवायला आत गेल्या की मी बसतो. मला काय काम हाय?" समोरच्या दुकानदाराची सून म्हणाली, दुपारी ती बसेल. तिच्याच नवऱ्याची मोटार दहा पावलांवर उभी होती. त्या मोटारीविषयी कुणी काही बोललं नाही. एवढं एका दिवसात होत नसतं.

मी येऊन बाजेवर बसलो. बायको चहा ठेवायला आत गेली. बाजेचा सुंभ कुरकुरला. चालून चालून मी दमलो होतो आणि, खरं सांगायचं तर, मला स्वतःविषयी फार बरं वाटत होतं. मी वहाणा काढल्या, मांडी घातली, मागं हात टेकले आणि काकांना सांगायला लागलो, की रस्ता म्हणजे मुळात काय असतो. रस्ता म्हणजे लोकांची ओसरी. मोटार म्हणजे एकट्याची खोली, ती आपण सगळ्यांच्या ओसरीत आणून ठेवतो. हे मला आज कसं उमगलं, गंजगोलाईच्या दुसऱ्या फेरीला की तिसऱ्या, तेही मी सांगितलं. काका "हाव, हाव" करत होते. वरून पाला पडत होता, माझ्या डोक्यावर, चहाच्या वाटेकडं लागलेल्या माझ्या डोळ्यांपुढून. फांद्यांच्या वर आभाळ अगदी निवळ होतं. मी बोलत राहिलो. अक्का काही बोलत नव्हत्या. मला वाटलं, ऐकतायत.

बायको चहा घेऊन बाहेर आली. तिनं आधी माझ्याकडं पाहिलं, मग बाजेच्या टोकाला, लाकडाच्या कडेवर अंग चोरून बसलेल्या अक्कांकडं.

"अहो," ती म्हणाली, "सरका जरा तिकडं. अक्कांना पाय लांब करायचेत."